कूलर बंद केल्यावर

परवा कूलरवाला येऊन गेला. एप्रिल उजाडला की नागपुरात घरोघरी हा सोहळा असतो. वर्षभर गच्चीवर तोंड झाकून पडलेला पत्र्याचा डबा खाली उतरवायचा, घासायचा, तिन्ही बाजूंच्या ताट्यांमधलं काळं पडलेलं गवत उपसून नवं भरायचं, पंप चालतो का बघायचं आणि त्याला खिडकीशी नेऊन बसवायचं. मग पहिल्यांदा बटण दाबलं की ओल्या वाळ्याचा वास घरभर फिरतो आणि त्याच्या मागोमाग ती घरघर सुरू होते. एकदा आली की पाऊस लागेपर्यंत मुक्काम हलवत नाही. बाहेरगावचा पाहुणा त्या आवाजानं वैतागतो. आम्हाला त्याच्याशिवाय झोप लागत नाही.

मी मात्र दरवर्षी त्या पहिल्या दिवशी कामाला बसू शकत नाही. माझं काम म्हणजे संगीत लिहिणं. पियानो, एक व्हायोलिन, एक चेलो, फार तर आणखी दोन-तीन तारांची वाद्यं, एवढाच माझा संसार. शब्द नाहीत, ठेका नाही. ऐकणारे इंटरनेटवरून जगभर पसरलेले आहेत आणि त्यातले बहुतेक रडतात, निदान रडलो असं आवर्जून कळवतात. गेल्या आठवड्यात एका थंड देशातल्या गृहस्थांचं पत्र आलं. तुमच्या सुरांमधून बर्फ पडताना ऐकू येतो, तुम्ही नक्कीच एखाद्या तळ्याकाठी, धुक्यात राहत असणार, असं त्यांनी लिहिलं होतं. तेव्हा मी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून कैरीचं पन्हं पीत होते आणि बाहेर डांबर पातळ होत होतं. मी त्यांचे आभार मानले. त्यांचा बर्फ त्यांना लखलाभ.

दुसरा एक प्रश्न सगळेच विचारतात. तुमचं संगीत इतकं खालच्या पट्टीत का राहतं? पियानोच्या उजव्या टोकाला तुम्ही जातच नाही, व्हायोलिनसुद्धा जमिनीला धरून चालतं, असं का? मुलाखतीत मी गंभीर चेहरा करून काहीतरी सांगते. मनाचा तळ, एकटेपणा, वगैरे. ऐकणारा समाधानानं मान डोलावतो. ती सगळी उत्तरं मी ऐन वेळी बनवलेली आहेत. खरं उत्तर सोळा-सतरा वर्षांपूर्वीच्या एका मे महिन्यात आहे, आणि कूलर पहिल्यांदा घरघरला की तो महिना येऊन माझ्या शेजारी बसतो.

तेव्हा आम्ही नागपूरजवळ, कोराडीच्या वसाहतीत राहायचो. मागे वीज केंद्राच्या चिमण्या, पुढे कोळशाच्या ट्रकांचा रस्ता. दोरीवरच्या कपड्यांवर राखेची बारीक पूड बसायची आणि ती झटकताना आई रोज म्हणायची की आता पांढरं घ्यायचंच नाही. पण दीक्षाभूमीवर जायला पांढरंच लागतं, त्यामुळे दरवर्षी नवं पांढरं यायचंच. बाबा टर्बाइन विभागात होते. गावंच्या गावं उजळवणाऱ्या त्या अजस्र यंत्राची तब्येत बाबा कानानं बघायचे. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक यंत्राच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. बेअरिंग बिघडायच्या कितीतरी आधी त्यांना कळायचं. कानावर लावायला झाकणं मिळालेली होती, ती बाबा गळ्यात अडकवून हिंडायचे. आई ओरडली की म्हणायचे, "मशीन बोलून राहिली आन मी कान झाकून बसू काय?"

पियानो त्यांनीच आणला होता. मी सातवीत होते आणि शाळेतल्या फुटक्या हार्मोनियमवर दिवसभर बसून असायचे. कामठीच्या छावणीजवळच्या एका बंगल्यातलं कुटुंब गाव सोडून चाललं होतं आणि त्यांना त्यांचा जुना पियानो कुठेतरी टाकायचा होता. बाबांनी चार दोस्तांना गोळा केलं, टेंपोत गाद्या अंथरल्या आणि बाळंतिणीला आणावं तसा तो हळूहळू घरी आणला. आत उंदरांनी संसार मांडला होता आणि निम्म्या तारा गंजल्या होत्या. बाबांनी सहा महिने रविवारचे रविवार तो उघडून ठेवला. एक पाना घासून घासून तारा पिळायची चावी तयार केली, पुस्तकात बघून सूर लावायला शिकले आणि एका दिवाळीत तो वाजायला लागला. शेजारी विचारायचे, पोरीले ह्याचं काय काम? पण आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात शिकण्याला नाही म्हणायची पद्धत बंद झाली होती. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि त्यांच्या खाली पियानो, अशी आमच्या बैठकीची मांडणी होती. मी नंतर पुष्कळ चांगल्या चांगल्या ठिकाणी वाजवलं, पण बाबांनी लावलेल्या सुरांसारखे सूर मला कुठे मिळाले नाहीत.

त्या मे महिन्याच्या शेवटच्या तारखेला बाबा रिटायर होणार होते. मी शाळेत संगीत शिकवत होते आणि फावल्या वेळात लिहीत होते. मी बाबांसाठी एक रचना केली. जन्मभर त्यांनी सगळ्यांसाठी काही ना काही बनवलं, दुरुस्त केलं. त्यांच्यासाठी म्हणून कोणी काही बनवलं नव्हतं. रामदासपेठेतला एक छोटा हॉल जूनच्या पहिल्या रविवारी मिळाला. वसाहतीतले लोक येणार होते. माझं सगळं चित्त एका गोष्टीवर लागलं होतं: बाबांनी पहिल्या रांगेत बसून ती रचना ऐकावी. टाळ्या मिळाल्या काय न मिळाल्या काय, मला फिकीर नव्हती.

रचनेची सुरुवात मी व्हायोलिनच्या सगळ्यात वरच्या सुरांवर ठेवली होती. एकटं व्हायोलिन, अगदी हलकं, दीड मिनिट. त्या वयात मला वाटायचं, उंच म्हणजे उदात्त.

भांडण सुरू झालं ते पियानोवरून. मेच्या पहिल्या आठवड्यात बाबांनी नेहमीसारखे सूर लावून दिले, पण वरच्या सप्तकातल्या दहा-बारा पट्ट्या वाकड्या लागल्या होत्या. भातात खडा यावा तशा त्या मध्येच येऊन टोचायच्या. मी लगेच गुन्हेगार शोधला. आमचा कूलर. बाबांनी पियानो नेमका कूलरच्या झोतात ठेवलेला होता, कारण एवढ्या गरमीत मशीनला थंडावा पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. ओल्या हवेनं लाकूड फुगतं आणि तारा सरकतात, हे मी त्यांना सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडून सांगितलं. कूलर चालू असताना आमच्याकडे कोणी हळू बोलतच नाही. मे महिन्यात नागपूरचं प्रत्येक घर बाहेरून ऐकलं तर भांडणाचं वाटेल.

"बाबा, पियानो सरकवा तिथून! पाणी प्यायला तो!"

"काय?"

"पाणी! पाणी प्यायला!"

"देतो नं, थांब," म्हणून बाबा माठातलं पाणी घेऊन आले. आई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले.

पियानो सरकवला. बाबांनी पुन्हा सूर लावले, पुन्हा वरचे सूर वाकडे. तिसऱ्यांदा लावले तर आणखीच बिघडले. मी चिडून म्हटलं, तुमचं आता लक्षच नाही राहिलं, राहू द्या. बाबांनी चावी कापडात गुंडाळली आणि ड्यूटीवर निघून गेले. ते वाक्य मी आजही परत घ्यायला तयार आहे, पण तशी सोय नसते.

तिसऱ्या रविवारी सकाळी घरीच पहिली तालीम ठेवली. व्हायोलिन वाजवणार होती रेणू, माझी मैत्रीण, रामदासपेठेत मुलांना शिकवायची. चेलोवर जोसेफ काका. ते कामठीला फौजेच्या बँडमध्ये होते, निवृत्तीनंतर लग्नाकार्यात वाजवायचे. कामठीहून शेअर ऑटोत चेलो घेऊन येणं म्हणजे वरात असायची; ऑटोवाला दर वेळी विचारायचा, "अंकल, अंदर कौन है?" बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. खोली लहान, म्हणून रेणू त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सगळे तयार झाले आणि मी उठून कूलर बंद केला.

कूलर बंद झाल्यावर घरात जी शांतता पसरते, ती नागपूरकरालाच कळेल. महिनाभर डोक्यावर ठेवलेलं ओझं कोणीतरी उचलून नेल्यासारखं वाटतं. घड्याळ ऐकू यायला लागतं. मी रेणूला मान हलवून खूण केली आणि तिनं गज तारेवर टेकवला. इतका सुंदर लागला तिचा पहिला सूर की जोसेफ काकांनी डोळेच मिटले. मी बाबांकडे बघत होते. बाबा माझ्याकडे बघत होते. अर्धं मिनिट झालं असेल. बाबांनी खुर्चीत बूड हलवलं, घसा साफ केला आणि कूलर चालू असल्यासारखे मोठ्यानं म्हणाले, "हं, करा नं सुरू. काहून थांबले?"

रेणूचा गज जागच्या जागी थांबला. जोसेफ काका जमिनीकडे बघायला लागले. बाहेरून एक ट्रक गेला. मी म्हटलं, "हो बाबा, आता करूनच राहिलो," आणि जिथून पियानो सुरू होतो तिथून वाजवायला लागले. बाहेर पंचेचाळीसचा पारा असेल आणि माझी बोटं गार पडली होती. तीनदा मी त्यांना बोलले होते. लाकूड, पाणी, कूलर, सगळ्यांवर आरोप करून झाला होता. ते वरचे सूर त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते, आणि जो सूर ऐकू येत नाही तो माणूस लावणार कसा?

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात आईजवळ गेले. ती भाकरी थापत होती. माझं तोंड बघूनच तिला कळलं.

"तुले आज समजलं?" ती म्हणाली. "चार वर्षं झाले. कुकरची शिट्टी नाही ऐकू येत त्याहिले. मी बोटं दाखवतो किती झाल्या ते."

"मग सांगितलं काहून नाहीस?"

"कसम घातली मले. रिटायर होऊ दे, म्हणे. समजलं त मशीनवरून उठवून टेबलावर बसवतील. जिंदगीभर मशीनजवळ उभा राहिलो, शेवटी कागदं नाही चाळत." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तू बी नको बोलू वं. दहा दिवस राहिले."

म्हणजे उन्हाळ्यानं त्यांना लपवलं होतं. एप्रिल ते जून सगळं गावच एकमेकांना काय काय म्हणून विचारतं, त्यात आमचे बाबा बेमालूम मिसळून जायचे. पावसाळ्या-हिवाळ्यात ते मुळातच कमी बोलणारे म्हणून खपून जायचे. मला त्या दिवशी रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्हींपेक्षा जास्त हट्ट चढला. माझ्या बाबांना माझी रचना ऐकू येणार म्हणजे येणारच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांना म्हटलं, सूर तपासायला बसा जरा. कूलर बंद केला, माझा हात दिसू नये म्हणून पट्ट्यांसमोर नोटेशनचे कागद उभे केले आणि खालून एकेक पट्टी हळूच दाबत वर निघाले. सूर ऐकताना बाबांचं बोट गुडघ्यावर पडतं, ही त्यांची सवय. बोट पडत गेलं, पडत गेलं आणि एका पट्टीनंतर थांबलं. मी आणखी दोन वाजवल्या. बाबा शांतपणे वाट बघत होते. मी त्या शेवटच्या पट्टीवर पेन्सिलीनं बारीक रेघ मारली. ह्याच्या वर जायचं नाही.

मग लागला नवतपा. सूर्य नऊ दिवस डोक्यावर बसून असतो, रस्ते ओस पडतात, भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. त्यातल्या पहिल्या सहा-सात दुपारींत मी सगळी रचना नव्यानं लिहिली. रेणूची सुरुवात जोसेफ काकांच्या चेलोकडे दिली. पियानो रेघेच्या खाली आणला. रेणूला तिच्या सगळ्यात जाड तारेवर आणून बसवलं, तेव्हा ती म्हणाली, "अगं, मी व्हायोलिन वाजवते, बैलगाडी नाही हाकत!" असं का केलं ते मी तिला सांगितलं नव्हतं, पण तिला ते कळलं होतं; दुसऱ्या दिवशी ती मुकाट्यानं नवं पान घेऊन सरावाला बसली.

खाली लिहिणं सोपं नसतं. वर मोकळं आकाश असतं, कोणी कोणाच्या पायात येत नाही. खाली सगळे सूर एकमेकांना खेटून उभे असतात. जरा घाई केली की नुसता गाळ होतो. म्हणून मला सावकाश जावं लागलं. एक सूर विझेपर्यंत दुसऱ्याला थांबवावं लागलं. मध्ये रिकाम्या जागा ठेवाव्या लागल्या. आज ज्याला लोक माझी शैली म्हणतात, ज्याच्यावर एका मुलीनं प्रबंध लिहायला घेतला आहे, ती एवढीच आहे. एका माणसाला ऐकू यावं म्हणून घेतलेली काळजी. ती दुसऱ्यांना दुःखासारखी ऐकू येते, त्याला माझा इलाज नाही. मला ती रचना लिहिताना दुःख नव्हतं. मला बाबांचं बोट गुडघ्यावर पडताना दिसत होतं.

बाबा रिटायर झाले. गळ्यात हार, हातात नारळ, खांद्यावर शाल, असे घरी आले आणि शाल पियानोवर ठेवून झोपले. दुसऱ्या सकाळी आम्ही पुन्हा तालमीला बसलो. कूलर बंद झाला. चेलो सुरू झाला आणि बाबांची मान वर आली. मी वाजवत होते म्हणून नीट बघू शकले नाही, पण त्यांचं बोट दिसत होतं. ते एकदाही थांबलं नाही. शेवटचा सूर विझला तेव्हा आई दारात उभी राहून डोळे पुसत होती.

"साब, कैसा लगा?" जोसेफ काकांनी विचारलं.

बाबा उठले, रेणूच्या स्टँडवरचा कागद त्यांनी हातात घेतला आणि मशीनचा आलेख वाचावा तसा वाचला. मग माझ्याकडे वळले. "त्या रविवारी ह्या कागदावर टिपके लय वर होते. रेषांच्याही बाहीर. आता सारे खाली आले."

मी माझ्या पुढ्यातले कागद आवरायला लागले.

"माह्यासाठी काढलं?"

"हो, बाबा."

त्यांचा चेहरा आधी उतरला, मग मऊ झाला. चार वर्षं सांभाळलेली गोष्ट अशी भर सकाळी सगळ्यांसमोर उघडी पडली होती. मी म्हटलं, "बाबा, मी तुम्हाले सुरांवरून बोलली, ते चुकलं माझं."

"ते सोड. मशीन बिघडली म्हटलं तू, माणूस बिघडला असं नाही म्हटलं. इज्जतच केली तू." आणि हसले. मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, "पण वरचं वापस टाक. मले ऐकू येत नाही म्हणून ते नाहीच, असं असते काय?"

"तुमच्यासाठी केलं ना मी हे."

"मंग माह्यं ऐक. बाकीच्यायचे कान चांगले हायेत. त्यायनं काय बिघडवलं तुह्यं?"

आम्ही घासाघीस केली. मी म्हटलं, बाकी सगळं खालीच राहील, हलवणार नाही. फक्त शेवटी, चेलो आणि पियानो थांबल्यावर, रेणू एकटी वर जाईल. बाबांनी विचारलं, किती वेळ? मी म्हटलं, एक मिनिट. ते म्हणाले, ठीक हाये, मी पाहीन.

रविवारी संध्याकाळी हॉल भरला. वसाहतीतून बस भरून लोक आले होते. टर्बाइनवरचे, बॉयलरवरचे, बायका, पोरं. चार कोपऱ्यांत चार कूलर होते. आमची पाळी आली तसे मी ते चारही बंद करायला लावले. लोक कार्यक्रमाच्या कागदानं वारा घेत बसले आणि थोड्या वेळानं तो कागदांचा आवाजही थांबला. बाबा पहिल्या रांगेत मधोमध, आईच्या शेजारी. मी वाजवलं. त्या दिवशी एकही बोट चुकलं नाही, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते.

चेलो थांबला. मी पट्ट्यांवरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले. रेणू एकटी वर गेली. तो सूर इतका हलका होता की मागच्या रांगांना वाटलं, संपलं. कोणीतरी टाळी वाजवली. मग दहा जणांनी वाजवली, खुर्च्या सरकल्या, कोणीतरी वाह वाह म्हणालं. रेणू वाजवत होती, पण तिचा सूर त्या गलक्यात बुडून गेला. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाबा उठले. आपला आवाज किती मोठा आहे ह्याचा त्यांना अंदाज नसायचा. सगळ्या हॉलकडे तोंड करून त्यांनी हात वर केला.

"थांबा नं बाप्पा! पोरगी वाजवून राहिली अजून."

हॉल चिडीचूप झाला. बाबा खाली बसले आणि त्यांनी रेणूच्या गजावर नजर लावली. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. गज तारेवरून उचलला गेला, रेणूनं हात खाली घेतला, तेव्हा पहिली टाळी बाबांनी वाजवली.